ल्युपसच्या रिपोर्टमधला वंशाचा रकाना

ल्युपस या आजारावरचा अमेरिकेतला कुठलाही मोठा शोधनिबंध उघडा. पहिल्या एक-दोन तक्त्यांतच रुग्णांची वाटणी झालेली दिसते: श्वेतवर्णीय, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, एशियन. त्याखाली रक्तात सापडलेल्या स्वप्रतिपिंडांची टक्केवारी. त्यात एक ओळ हमखास नजरेत भरते. अँटी-स्मिथ नावाचं प्रतिपिंड कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त आढळतं.

हा तक्ता वाचून माणसं दोन टोकांना जातात. काहींना वाटतं, बघा, आजारच मुळात वेगळा आहे, तेव्हा उपचारही वंश पाहूनच ठरवावेत. काहींना वाटतं, वंश ही समाजानं रचलेली गोष्ट, तिला विज्ञानाच्या तक्त्यात जागाच नको, रकाना काढून टाका. मला दोन्ही पटत नाहीत. तक्त्यातला फरक खरा आहे आणि तो नोंदवलाच पाहिजे. पण जे प्रतिपिंड रक्ताच्या थेंबात प्रत्यक्ष मोजता येतं, त्याचा अंदाज कातडीच्या रंगावरून बांधण्याचं काहीही कारण नाही. वंशाच्या रकान्याचं काम दुसरंच आहे, आणि ते काम आपण त्याला फारसं करू देत नाही.

आधी आजाराविषयी थोडं. ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते. त्वचा, सांधे, मूत्रपिंडं, रक्तपेशी, हृदय-फुप्फुसांची आवरणं, मेंदू, काहीही तिच्या तावडीत सापडू शकतं. दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात, त्यातही बहुतेक जणी ऐन तारुण्यात. आपल्याच पेशीतल्या घटकांविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं म्हणजे स्वप्रतिपिंडं, आणि ल्युपस ओळखण्याचा मोठा आधार तीच.

ती शोधायची पहिली चाचणी एएनए, म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी. काचपट्टीवर मानवी पेशींचा पातळ थर असतो. रुग्णाचं सीरम पातळ करून त्यावर टाकतात, धुतात, मग चमकणारं रसायन जोडलेलं दुसरं प्रतिपिंड सोडतात. स्वप्रतिपिंडं असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रकं हिरवी उजळतात. उजळण्याचेही प्रकार आहेत. कधी पूर्ण केंद्रक एकसारखं हिरवं दिसतं, कधी त्यावर भरड ठिपके उठतात. भरड ठिपके दिसले की अनुभवी तंत्रज्ञाच्या मनात अँटी-स्मिथ किंवा अँटी-आरएनपी या प्रतिपिंडांची शंका येते. सीरम ८० पट पातळ केलं, १६० पट केलं, ३२० पट केलं तरी उजेड टिकतो का, हे पाहून ताकद ठरवतात. डीएनएविरुद्धच्या प्रतिपिंडांसाठी आणखी एक सुंदर चाचणी आहे. क्रिथिडिया नावाच्या एकपेशीय जीवाच्या शेपटीच्या मुळाशी डीएनएची गच्च गुंडाळी असते. तेवढाच एक ठिपका लखकन उजळला, की अँटी-डीएसडीएनए आहे असं जवळपास खात्रीनं म्हणता येतं.

एएनए ल्युपसच्या ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत सापडतो, पण तो निरोगी माणसांतही दिसू शकतो. अँटी-स्मिथचं उलट आहे. ते थोड्याच रुग्णांत मिळतं, पण मिळालं तर ते ल्युपसचंच असण्याची शक्यता फार मोठी. १९६६ मध्ये एंग टॅन आणि हेन्री कुंकेल यांनी ते प्रथम वर्णन केलं. ज्या रुग्णाच्या रक्तात ते सापडलं तिचं आडनाव त्याला मिळालं. पुढे १९७९-८० च्या सुमारास जोन स्टाइट्झ आणि मायकेल लर्नर यांनी ल्युपसच्या रुग्णांच्या याच प्रतिपिंडांचा उपयोग करून, पेशी आरएनएची काटछाट कशी करते या मूलभूत प्रश्नाची वाट उघडली. सगळ्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आज जे आहे, त्यातला एक तुकडा या रुग्णांच्या रक्तानं शिकवलेला आहे. हे ऋण आठवावं असं मला वाटतं, कारण पुढचा सगळा मुद्दा या रुग्णांना आपण काय परत देतो याचा आहे.

आता फरकाकडे. ढोबळ आकडे असे: अँटी-स्मिथ गोऱ्या रुग्णांत साधारण १० ते २० टक्क्यांना, तर कृष्णवर्णीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या रुग्णांत ३० ते ४० टक्क्यांपर्यंत. त्याच्या जोडीनं येणारं अँटी-आरएनपीही कृष्णवर्णीय रुग्णांत जास्त. ल्युपस अँटिकोॲग्युलंट, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपात यांच्याशी नातं असलेला घटक, अनेक पाहण्यांत गोऱ्या रुग्णांत अधिक दिसला आहे. अँटी-रो या आणखी एका स्वप्रतिपिंडाचं चित्र पाहणीगणिक बदलतं. एखाद-दुसऱ्या निबंधातलं हे निरीक्षण असतं तर बाजूला ठेवता आलं असतं. स्मिथ आणि आरएनपीचा फरक मात्र वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या गटांनी पुन्हा पुन्हा पाहिलेला आहे. त्याला योगायोग म्हणणं म्हणजे डोळे मिटून घेणं.

पण टक्केवारी खरी असली तरी ती कशाची टक्केवारी आहे, हे विचारावंच लागतं.

पहिली अडचण काळाची. २००३ मध्ये मेलिसा आरबकल आणि सहकाऱ्यांनी एक विलक्षण अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकी सैन्यदलात भरती झालेल्यांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेले असतात. त्यांतल्या ज्या १३० जणांना पुढे ल्युपस झाला, त्यांचे जुने नमुने काढून तपासले. ८८ टक्के जणांत निदानाच्या आधीच किमान एक स्वप्रतिपिंड होतं, काहींत नऊ वर्षांहून आधी. त्यांचा येण्याचा क्रमही ठरलेला निघाला. एएनए, अँटी-रो, फॉस्फोलिपिडविरुद्धची प्रतिपिंडं (ल्युपस अँटिकोॲग्युलंट त्यांतलंच) आधी; अँटी-डीएसडीएनए मधे; आणि स्मिथ व आरएनपी सर्वांत शेवटी, आजार उंबरठ्यावर आल्यावर. म्हणजे रक्त कोणत्या टप्प्यावर तपासलं यावर रिपोर्टमध्ये काय दिसेल ते बरंचसं ठरतं. जिला सांधेदुखी सुरू होताच तज्ज्ञाकडे जाता आलं, आणि जी मूत्रपिंडं सुजून पायांवर सूज आल्यावर इस्पितळात पोचली, त्या दोघींचे पहिले रिपोर्ट सारखे येतील ही अपेक्षाच चूक. अँटी-डीएसडीएनए तर आजाराच्या जोराबरोबर वरखाली होतं. ज्या समाजगटाला निदान उशिरा मिळतं त्या गटाच्या रक्तात ते जास्त दिसलं, तर ते काही अंशी उशिराचंच मोजमाप आहे. स्मिथचा सगळा फरक असा उलगडत नाही, हे मी मान्य करते. पण तक्त्यातला प्रत्येक फरक जन्मजात समजून वाचण्याची सवय इथंच डळमळायला हवी.

दुसरी अडचण चाचणीची. जुन्या काळी स्मिथसाठी जेलमधली चाचणी वापरत. ती कमी संवेदनशील, पण सापडलं तर पक्कं. मग एलायझा आली, मग एकाच नळीत डझनभर प्रतिपिंडं मोजणारी मण्यांची चाचणी. प्रत्येकीची होकाराची रेषा वेगळी. १९८५ ची टक्केवारी आणि २०१५ ची टक्केवारी शेजारी ठेवून वंशाविषयी बोलणाऱ्या लेखात आधी चाचणीचं नाव शोधावं. बऱ्याचदा ते तळटीपेत असतं.

तिसरी अडचण मला सगळ्यांत गंभीर वाटते: त्या रकान्यात नेमकं कोण बसतं? अमेरिकी सरकारनं १९७७ मध्ये लोकसंख्येची आकडेवारी गोळा करण्यासाठी वंशाचे प्रमाणित गट ठरवले, १९९७ मध्ये ते बदलले, २०२४ मध्ये पुन्हा बदलले. आता हिस्पॅनिक हा वेगळा प्रश्न राहिला नाही आणि मध्य-पूर्व व उत्तर आफ्रिकेचा नवा गट आला. हे गट प्रशासनाच्या सोयीसाठी आहेत, असं ते ठरवणारेही सांगत आले आहेत. तरीही वैद्यकीय निबंधात तेच गट जीवशास्त्राचे विभाग असल्यासारखे वावरतात. ‘एशियन’ या एका शब्दात चिनी, फिलिपिनो, जपानी, भारतीय, व्हिएतनामी सगळे येतात, म्हणजे जगातल्या निम्म्याहून अधिक माणसांचं मूळ. अशा रकान्याची सरासरी वैद्यकीय दृष्ट्या कुणाची सरासरी म्हणायची?

हिस्पॅनिक गटानं तर हे उघडंच दाखवून दिलं. ग्रासिएला अलार्कोन यांच्या पुढाकारानं १९९० च्या दशकात लुमिना नावाचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. अल्पसंख्य समाजांतला ल्युपस, आणि त्यात निसर्गाचा वाटा किती नि परिस्थितीचा किती, असा त्याचा विषयच होता. टेक्सासमधल्या हिस्पॅनिक रुग्णांत मूत्रपिंडाचा त्रास जास्त, आजार जास्त तीव्र. पोर्तो रिकोमधल्या हिस्पॅनिक रुग्णांत आजार त्यामानानं सौम्य. फॉर्मवर दोघांचीही खूण एकाच चौकटीत. टेक्सासमधल्यांची वंशावळ बरीचशी मेक्सिकोतल्या मूलनिवासींपर्यंत जाते. पोर्तो रिकोत युरोपीय आणि आफ्रिकी वारसा अधिक. शिवाय गरिबी, विमा, शिक्षण यांतही अंतर. दोन्ही गट एकत्र करून काढलेली सरासरी दोघांपैकी एकाचीही नाही.

मग जनुकांचं काय? ती आहेतच. एचएलए नावाचा जनुकांचा समूह कोणत्या प्रतिपिंडाला वाट मिळेल यावर मोठा प्रभाव टाकतो. युरोपीय वंशाच्या रुग्णांत त्यातलं डीआर३ हे रूप आणि अँटी-रो यांचं नातं जुनं आणि पक्कं आहे. पण जनुक वेगळं आणि वंश वेगळा, हे एपीओएल१ या जनुकाइतकं स्पष्ट कशातच दिसत नाही. या जनुकाची दोन रूपं पश्चिम आफ्रिकेत वाढली, कारण ती निद्रारोग (स्लीपिंग सिकनेस) या आफ्रिकेतल्या जीवघेण्या आजाराच्या परजीवीपासून वाचवतात. त्यांच्या दोन प्रती मिळालेल्या माणसाची मूत्रपिंडं मात्र नाजूक होतात, आणि अशा व्यक्तीला ल्युपसमुळे मूत्रपिंडाचा दाह झाला तर मूत्रपिंडं कायमची निकामी होण्याचा धोका वाढतो. आफ्रिकी-अमेरिकी लोकांपैकी सुमारे १३ टक्क्यांत या दोन प्रती असतात. म्हणजे ८७ टक्क्यांत नसतात. इथिओपियातल्या लोकांत ही रूपं जवळपास सापडतच नाहीत. ‘कृष्णवर्णीय’ ही खूण पाहून एपीओएल१ गृहीत धरणारा डॉक्टर शंभरातल्या ८७ जणांच्या बाबतीत चुकेल, आणि हे जनुक तर साध्या तपासणीत कळतं.

परिस्थितीही जीवशास्त्रात उतरते. ओक्लाहोमातल्या ज्युडिथ जेम्स आणि जॉन हार्ली यांनी १९९० च्या दशकात दाखवलं, की अँटी-स्मिथ ज्या प्रथिनाला चिकटतं त्याचा एक छोटा तुकडा एपस्टाइन-बार विषाणूच्या एका प्रथिनाशी मिळताजुळता आहे. १९९७ च्या त्यांच्या अभ्यासात ल्युपस झालेल्या मुलामुलींत आणि तरुणांत ९९ टक्क्यांना या विषाणूचा संसर्ग होऊन गेलेला होता. तुलनेसाठी घेतलेल्यांत ७० टक्क्यांना. हा विषाणू जगात बहुतेकांना कधी ना कधी गाठतोच. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत दिसलं, की कोणत्या वयात गाठतो हे घरच्या उत्पन्नाबरोबर आणि वंशाच्या रकान्याबरोबर बदलतं. गरीब घरांतल्या मुलांना तो लवकर गाठतो. म्हणून या विषाणूमुळेच स्मिथचा फरक पडतो असं मी म्हणत नाही, तो पुरावा नाही. पण ‘वंश’ या एका शब्दामागे जनुकं, बालपणीचे संसर्ग, दाटीवाटीची घरं, उशिराचं निदान असं किती काही दडून बसू शकतं, हे यावरून कळतं. हे सगळं सुटं करून तपासायचं सोडून रकान्यावर बोट ठेवणं म्हणजे प्रश्नालाच उत्तर म्हणणं.

सरासरीचा नियम झाला की काय होतं, याचं उदाहरण याच रुग्णांच्या मूत्रपिंडांनी भोगलं आहे. मूत्रपिंड किती काम करतं याचा अंदाज रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ घटकावरून सूत्रानं काढतात. १९९९ आणि २००९ ची सूत्रं कृष्णवर्णीय व्यक्तीसाठी उत्तर वाढवून देत. २००९ च्या सूत्रात १.१५९ नं गुणायचं. मागे आधार होताच: अभ्यासांतल्या सरासरीत तसा फरक दिसला होता. आता हिशेब करून पाहा. मूळ उत्तर १८ येणाऱ्या कृष्णवर्णीय रुग्णाचं उत्तर जवळपास २१ होई. अमेरिकेत मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाच्या यादीत वाट पाहण्याची वेळ मोजायला लागतात ती आकडा २० किंवा त्याखाली गेल्यावर. तेव्हा गोऱ्या रुग्णाचं घड्याळ सुरू झालेलं, आणि तितक्याच आजारी कृष्णवर्णीय रुग्णाचं नाही. २०२१ मध्ये नॅशनल किडनी फाउंडेशन आणि अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी यांच्या कार्यगटानं वंश वगळलेलं सूत्र स्वीकारायला सांगितलं. २०२३ पासून, जुन्या सूत्रामुळे गेलेला प्रतीक्षेचा काळ कृष्णवर्णीय उमेदवारांना परत मोजून द्यायची व्यवस्था झाली. ज्यांची मूत्रपिंडं ल्युपसनं गेली अशाही कितीतरी जणी त्या रांगेत होत्या. ज्यांनी ते सूत्र बनवलं त्यांच्या मनात द्वेष नव्हता. गटाची सरासरी एका व्यक्तीला लावली, एवढंच घडलं, आणि तेवढंच पुरलं.

स्वप्रतिपिंडांच्या बाबतीत हेच घडायला वेळ लागणार नाही. गोऱ्या रुग्णांत अँटी-स्मिथ कमी, म्हणून ती चाचणी लिहायचीच नाही. कृष्णवर्णीय स्त्रीत ल्युपस अँटिकोॲग्युलंट कमी, म्हणून वारंवार गर्भपात होऊनही गुठळ्यांची तपासणी मागे ठेवायची. दोन्ही दिशांना चूक सारखीच आहे. २०१९ च्या युरोपीय-अमेरिकी निकषांत ल्युपस म्हणण्यासाठी दहा गुण लागतात. सांध्यांच्या दाहाला सहा, आणि अँटी-स्मिथ किंवा अँटी-डीएसडीएनए सापडल्यास सहा. जिचा एएनए सकारात्मक आहे, सांधे सुजलेले आहेत, डीएसडीएनए नाही, तिची स्मिथची चाचणीच केली नाही तर ती सहावर अडकते. केली आणि सापडलं तर बारा. हे निकष संशोधनासाठी आहेत, निदान डॉक्टरनंच करायचं असतं, हे खरं. पण नव्या औषधांच्या चाचण्यांत प्रवेश बऱ्याचदा याच गुणांवर मिळतो. आणि चेहऱ्यावरच्या ज्या लाल पुरळानं हा आजार पुस्तकांत ओळखला जातो, तो सावळ्या-काळ्या त्वचेवर लाल दिसतच नाही; जांभळट, तपकिरी, कधी नुसताच काळसर दिसतो. त्वचा नीट न वाचता येणाऱ्या डॉक्टरसमोर बसलेल्या रुग्णाला रक्ताच्या पूर्ण तपासणीची गरज सर्वांत जास्त असते.

अँटी-रोची गोष्ट आणखी निकडीची. हे प्रतिपिंड वारेतून गर्भापर्यंत पोचतं. ज्या आयांमध्ये ते असतं, त्यांच्या साधारण दोन टक्के गर्भांच्या हृदयातला विद्युत्-मार्ग बंद पडतो. एक बाळ असं झालेलं असेल तर पुढच्या खेपेला धोका १८ टक्क्यांच्या आसपास जातो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गरोदरपणी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतल्यावर तो निम्म्याहून खाली, ७.४ टक्क्यांवर आला. साधं, जुनं, स्वस्त औषध. इथं आईचा वंश कुठला हा प्रश्नच उठत नाही. अँटी-रो आहे की नाही, एवढंच पाहायचं, आणि ते ल्युपसच्या प्रत्येक स्त्रीत गर्भधारणेच्या आधी पाहायचं.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग रकानाच काढून टाका. इथं मी ठामपणे नाही म्हणते.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या नोंदवह्या एकत्र करून काढलेले आकडे पाहा. जॉर्जिया, मिशिगन, कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क आणि मूलनिवासींच्या आरोग्यसेवेतल्या या नोंदी. लाखामागे श्वेतवर्णीय स्त्रियांत सुमारे ८५ जणींना ल्युपस, कृष्णवर्णीय स्त्रियांत सुमारे २३१, आणि अमेरिकेच्या मूलनिवासी स्त्रियांत सुमारे २७१. मूलनिवासी स्त्रिया सर्वांत वर आहेत हे कळलं ते रकाना होता म्हणून. ल्युपसच्या चर्चेत त्यांचं नावही क्वचित येतं. २००० ते २०१५ च्या अमेरिकी मृत्युनोंदींच्या अभ्यासात दिसलं, की अपघात, खून, आत्महत्या यांसारखी कारणं वगळली तर १५ ते २४ वयाच्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलींच्या मृत्यूच्या कारणांत ल्युपस पाचव्या क्रमांकावर आहे. ज्या आजाराचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नाही, तो या मुलींना मारणाऱ्या पहिल्या पाच आजारांत बसतो. रकाना पुसला तर आजार राहील, मृत्यूही राहतील, फक्त दिसायचे थांबतील.

औषधांच्या चाचण्यांचंही तेच. २०१८ च्या एका आढाव्यात दिसलं, की अमेरिकेतल्या ल्युपसच्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के कृष्णवर्णीय, पण औषधांच्या चाचण्यांत त्यांचं प्रमाण अवघं १४ टक्के. बेलिमुमॅब या ल्युपसच्या औषधाची कथा या संदर्भात समजून घेण्यासारखी आहे. त्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत सगळे रुग्ण मिळून औषध अपयशी ठरलं होतं. मग संशोधकांनी पाहिलं, की ७१.५ टक्के रुग्णांच्या रक्तात त्या वेळी स्वप्रतिपिंडं होती आणि त्यांना गुण आला होता. पुढच्या चाचण्या केवळ अशा रुग्णांवर झाल्या, आणि २०११ मध्ये ल्युपससाठी पन्नासहून अधिक वर्षांनी नवं औषध मंजूर झालं. प्रतिपिंड पाहून रुग्ण निवडले म्हणून ते जमलं. पण त्या चाचण्यांत कृष्णवर्णीय रुग्ण इतके थोडे होते, की त्यांना गुण येतो की नाही यावर शंका उरली आणि त्यांच्यासाठी वेगळी चाचणी करावी लागली. तिचा निकाल मंजुरीनंतर दहा-अकरा वर्षांनी प्रसिद्ध झाला: औषध घेणाऱ्यांत ४८.७ टक्के, न घेणाऱ्यांत ४१.६ टक्के सुधारले. कल औषधाच्या बाजूनं, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला फरक उतरला नाही. आजार जास्त तीव्र असलेल्यांत आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांत गुण अधिक दिसला. एक दशक डॉक्टर आणि रुग्ण दोघंही अंदाजावर चालत राहिले, कारण सुरुवातीलाच पुरेशा कृष्णवर्णीय स्त्रियांना चाचणीत घेतलं नव्हतं. याला जीवशास्त्राचा दोष म्हणणं मला मान्य नाही.

म्हणून मागणं अगदी साधं आहे. ल्युपसची शंका आली की पहिल्याच खेपेला सगळ्यांची सगळी प्रमुख प्रतिपिंडं तपासा: डीएसडीएनए, स्मिथ, आरएनपी, रो, त्याच्या जोडीचं अँटी-ला, आणि फॉस्फोलिपिडविरुद्धची तिन्ही. कुणाच्या रंगावरून एकही वगळू नका. औषधांच्या चाचण्यांत रुग्णांची विभागणी त्यांच्या प्रतिपिंडांवरूनही करा. निबंध लिहिताना चाचणीची पद्धत, निदानाला लागलेला काळ, उत्पन्न आणि विमा हे वंशाच्या शेजारी छापा. संपादकांनी ते नसेल तर निबंध परत पाठवावा. ‘एशियन’ आणि ‘हिस्पॅनिक’ या चौकटी फोडून आत कोण आहे ते लिहा. आणि वंशाचा रकाना ठेवा, पण त्याला न्यायाचा हिशेब मागा.

तो हिशेब मागायला ही प्रतिपिंडंच सर्वांत चांगलं साधन आहेत, आणि याचा उपयोग आपण फारच कमी करतो. रुग्ण वंशानुसार वाटून त्यांची प्रतिपिंडं मोजायची, हा रिवाज उलटा करून पाहा. ज्या स्त्रियांत अँटी-स्मिथ आणि डीएसडीएनए दोन्ही आहेत, ज्यांच्या लघवीतून तेवढंच प्रथिन जातं, ज्यांची बायोप्सी सारखी आहे, एपीओएल१ ची धोक्याची रूपं ज्यांच्यात नाहीत, अशा गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूलनिवासी स्त्रिया एका गटात घ्या आणि पाच वर्षांनी कुणाची मूत्रपिंडं टिकली ते पाहा. रिपोर्ट सारखे असूनही निकाल वेगळे आले, तर त्या फरकाचं कारण रक्तात शोधायला फारसं काही उरत नाही. मग विचारायचं ते असं: पहिली बायोप्सी किती आठवड्यांनी झाली, औषध कुणाचं मध्येच बंद पडलं आणि का, तज्ज्ञाची वेळ कुणाला सहा महिन्यांनंतरची मिळाली, कुणाच्या दुखण्यावर विश्वास ठेवला गेला नाही. या प्रश्नांची उत्तरं इस्पितळांच्या, विमा कंपन्यांच्या आणि सरकारच्या कागदांत आहेत, आणि ती त्यांनाच द्यावी लागतील.